काठीची सावली आणि पृथ्वीचा घेर

गेल्या उपवासकाळातील ही गोष्ट आहे. बेळगाव जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामात शाळकरी मुलांसाठी सायंकाळचा अभ्यासवर्ग भरतो. आठवी-नववीची पंधरा-वीस मुले येतात आणि शिकविणाऱ्यांची वानवा असल्यामुळे गणित व विज्ञान हे विषय अनेकदा माझ्याच वाट्याला येतात. त्या सायंकाळी उजळणी चालली होती. “पृथ्वीचा परीघ किती?” असे मी विचारले आणि मागच्या बाकावरून ठरलेले उत्तर आले, “चाळीस हजार किलोमीटर, फादर.” मी शाबासकी देऊन पुढच्या प्रश्नाकडे वळणार, इतक्यात आठवीतला एक मुलगा उठून उभा राहिला.

“पण फादर, तो मोजला कोणी? एवढी लांब टेप कोणाकडे होती?”

वर्ग खो-खो हसला. मीही हसलो. सायंकाळच्या मिस्सेची वेळ होत आली होती, म्हणून घाईघाईने म्हणालो, “पुस्तकात दिले आहे ते लिही. परीक्षेत टेप विचारणार नाहीत.”

मुलगा खाली बसला. त्यानंतर त्याने माझ्या वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. ही गोष्ट त्या वेळी माझ्या ध्यानातसुद्धा आली नाही, हे मला येथे कबूल केले पाहिजे.

ती ध्यानात आली एप्रिल महिन्यात, मुलाचे वडील मला भेटावयास आले तेव्हा. ते गवंडीकाम करतात. मुलाला गणितात शंभरापैकी सोळा गुण पडले होते. “फादर, याच्या डोक्यात गणित शिरत नाही,” ते म्हणाले. “आमच्या घराण्यातच कोणाच्या शिरलेले नाही. जूनपासून याला माझ्याबरोबर कामावर नेतो. नववीची पुस्तके आणून पैसे कशाला दवडावेत?” मुलगा दाराशी उभा होता. तो मान खाली घालून ऐकत होता. मला एकदम त्या सायंकाळचा त्याचा प्रश्न आठवला, आणि माझे उत्तरही.

वाचकहो, त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. चूक होती ती माझ्या उत्तरात. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण मुलांना विश्वासार्ह साक्ष स्वीकारावयास शिकवितो, आणि ते योग्यच आहे. कारण श्रद्धेचा पायाच साक्षीवर उभा असतो. परंतु पृथ्वीचा परीघ ही श्रद्धेची बाब नव्हे. तो कोणीतरी मोजला आहे, आणि ज्याला एकदा मोजता आला त्याच्याप्रमाणे तो दुसऱ्यालाही मोजता यावयास हवा. विज्ञानातील आकडा मुलाच्या हाती देताना तो कसा सापडला हे आपण सांगितले नाही, तर आपण त्याला विज्ञान न शिकविता केवळ पाठांतर शिकवितो. हुशार मुले पाठ करून पुढे जातात. ज्याला “कोणी मोजले?” असे विचारावेसे वाटते ते मूल मात्र मागे राहते आणि आपण त्यालाच मंद ठरवितो.

मी त्या गृहस्थांना म्हणालो, “जूनला अजून दीड महिना आहे. मला तेवढी सवड द्या, आणि आपणही माझ्या मदतीस या. येताना आपला ओळंबा व पाणसळ घेऊन या.” ते गोंधळले, परंतु आले.

मनोऱ्याची उंची

पहिला धडा आम्ही चर्चच्या अंगणात घेतला. सकाळी अकराचा सुमार होता. एक मीटर लांबीची सरळ काठी जमिनीत रोवली. वडिलांनी ओळंबा धरून ती अगदी उभी असल्याची खात्री करून दिली. काठीची सावली मोजली, ती भरली ४० सेंटीमीटर. मग मुलाला विचारले, “आता या क्षणी घंटेच्या मनोऱ्याची सावली मोजली, तर मनोऱ्यावर न चढता त्याची उंची सांगता येईल का?”

कारण अगदी सोपे आहे. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण काठीवर आणि मनोऱ्यावर एकाच तिरकसपणाने पडतात. काठी, तिची सावली आणि काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंत येणारा किरण मिळून एक त्रिकोण होतो. मनोऱ्याचाही तसाच त्रिकोण होतो. एक लहान, दुसरा मोठा. पण दोघांचे रूप एकच. यांनाच पुस्तकात समरूप त्रिकोण म्हणतात. ४० सेंटीमीटर सावलीला १०० सेंटीमीटर उंची, म्हणजे सावलीच्या अडीच पट उंची. बाकी सारे त्रैराशिक.

मुलाने मनोऱ्याच्या भिंतीपासून सावलीच्या टोकापर्यंत टेप धरली. ५ मीटर २० सेंटीमीटर भरले. तो गुणाकार करणार, तोच वडील म्हणाले, “थांब. तू टोक मोजतो आहेस ते वरच्या क्रुसाचे. क्रूस भिंतीवर नाही, मनोऱ्याच्या मध्यावर आहे. मनोरा चार मीटर रुंद आहे. अर्धी रुंदी मिळव.”

मी चकित होऊन त्यांच्याकडे पाहत राहिलो, कारण ही गोष्ट माझ्याही ध्यानात आली नव्हती. दोन मीटर मिळविले, ७ मीटर २० सेंटीमीटर झाले. त्याची अडीच पट १८ मीटर. “बरोबर आहे,” वडील सहज म्हणाले. “रंगकामाच्या वेळी आम्ही साठ फुटांची परांची बांधली होती.” अठरा मीटर म्हणजे एकोणसाठ फूट.

ज्यांच्या घराण्यात कोणाच्या डोक्यात गणित शिरले नव्हते, ते हे गृहस्थ! मग मी त्यांना विचारले, “नव्या घराचा पाया आखताना कोपरा काटकोनात आहे हे आपण कसे पाहता?” ते म्हणाले, “दोरीने. एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट खूण करायची. त्या दोन खुणांमध्ये बरोबर पाच फूट भरले की कोपरा गुण्यात आला.” मी मुलाच्या वहीत लिहून दाखविले: तिनाचा वर्ग नऊ, चाराचा वर्ग सोळा; दोन्ही मिळून पंचवीस, आणि पंचवीस हा पाचाचा वर्ग. पायथागोरसच्या नावाने जो सिद्धांत पुढच्या इयत्तांत शिकवितात, तो हाच. मुलगा एकदा वहीकडे आणि एकदा वडिलांकडे पाहू लागला.

सूर्य डोक्यावर केव्हा येतो?

दुसरा धडा एका चुकीच्या समजुतीपासून सुरू झाला. दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो, असे आपण सारेच म्हणत आलो. मी मुलांना म्हटले, “उद्या बाराला काठीची सावली पाहून या.” दुसऱ्या दिवशी मुले तक्रार घेऊनच आली. बारा वाजता सावली होतीच, शिवाय बारा वाजल्यानंतरही ती लहान होत गेली. सर्वांत आखूड झाली ती साडेबाराच्या सुमारास, आणि तेव्हाही ती नाहीशी झाली नव्हती.

यात दोन गोष्टी आहेत. पहिली घड्याळाची. साऱ्या भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून लावलेले आहे. बेळगाव साडेचौऱ्याहत्तर अंशांवर, म्हणजे त्या रेषेच्या आठ अंश पश्चिमेस आहे. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्याच्या रेषेवर आठ चोक बत्तीस मिनिटे उशिरा येतो. ऋतुमानाप्रमाणे त्यात काही मिनिटांचा फरक पडतो. मे महिन्याच्या आरंभी तो तीन मिनिटांचा असतो. त्यामुळे त्या दिवसांत बेळगावची खरी दुपार १२ वाजून २९ मिनिटांच्या सुमारास होते.

दुसरी गोष्ट अधिक मौजेची आहे. सूर्य डोक्यावर येणे ही रोजची गोष्ट नव्हे. वर्षभरात तो उत्तरेस साडेतेवीस अंशांच्या किंचित अलीकडे, कर्कवृत्तापर्यंत जातो आणि तितकाच दक्षिणेस जातो. ज्या गावावरून तो जाता-येता ओलांडतो, त्या गावी वर्षातून फक्त दोन दिवस उभ्या वस्तूची सावली दुपारी तिच्याच पायाशी विरून जाते. बेळगावला असे दिवस मे महिन्याच्या ४ तारखेच्या आणि ऑगस्टच्या ९ तारखेच्या आसपास येतात. या दोन तारखांच्या मधल्या काळात आपल्याकडे दुपारचा सूर्य उत्तरेस असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. कितीजणांनी हे पाहिले आहे? मी स्वतः चाळिशी उलटेपर्यंत पाहिले नव्हते.

बेळगाव आणि बडोदे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीच्या विख्यात ग्रंथालयाचे प्रमुख एराटोस्थेनिस यांना ठाऊक होते की दक्षिणेकडील सायीन नगरात, म्हणजे आजच्या आस्वानमध्ये, वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य माथ्यावर असतो. त्याच दिवशी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडत असे. तिच्यावरून सूर्य माथ्यापासून किती ढळला आहे ते त्यांनी काढले. तो कोन संपूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे ७.२ अंश भरला. दोन नगरांमधील अंतर ५,००० स्टेडिया होते. तेव्हा पृथ्वीचा घेर त्याच्या पन्नास पट, अडीच लक्ष स्टेडिया. एवढाच त्यांचा हिशेब. टेप कोणाकडेच नव्हती. सावली मात्र सर्वांकडे होती.

हा हिशेब ऐकून मुलगा म्हणाला, “फादर, आपल्याला करता येईल?” कित्येक आठवड्यांनी त्याने विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

दुसरे ठिकाण हवे होते, आणि तेही शक्यतो सरळ उत्तरेस. मुलाची मावशी बडोद्याला असते. नकाशात पाहिले तर बडोदे बेळगावच्या जवळजवळ उत्तरेसच आहे, किंचित पश्चिमेकडे सरकलेले. नकाशावर बडोद्यातून आडवी रेषा काढली, बेळगावातून उभी रेषा वर नेली, आणि दक्षिणोत्तर अंतर पट्टीने मोजून प्रमाणावरून काढले. ते सुमारे ७१५ किलोमीटर भरले. मावशीच्या नववीतल्या मुलीला दूरध्वनीवरून सारे समजावून सांगितले: मीटरभर काठी, ओळंबा, सपाट गच्ची, आणि साडेबाराच्या आधीपासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण.

४ मे रोजी आमच्या अंगणात वीसेक मुले जमली. पाणसळ ठेवून जमीन सपाट केली होती. सव्वाबाराच्या आधी काठीची सावली पश्चिमेकडे सुमारे आठ सेंटीमीटर होती. ती आक्रसत चालली. मुले एकेक खूण करीत होती आणि बोलणे आपोआप बंद पडले होते. बारा वाजून एकोणतीस मिनिटे झाली तेव्हा काठीच्या बुडाशी सावली उरली नाही. अंगणातल्या प्रत्येक मुलाची सावली त्याच्या पायाखाली गेली होती. मग पूर्वेच्या बाजूस एक काळी रेघ हळूच बाहेर आली आणि एकदम आरडाओरडा झाला.

पाच-सात मिनिटांत बडोद्याहून दूरध्वनी आला. तेथे १२ वाजून ३४ मिनिटांच्या सुमारास सावली सर्वांत आखूड झाली होती, पण नाहीशी झाली नव्हती. ती उत्तरेकडे साडेअकरा सेंटीमीटर होती.

आम्ही वर्गात येऊन बसलो. कागदावर १०० मिलिमीटरची उभी रेषा, तिच्या पायाशी साडेअकरा मिलिमीटरची आडवी रेषा, आणि दोन्ही टोके जोडणारा कर्ण. कोनमापकाने वरचा कोन मोजला: साडेसहा अंश.

हा कोन म्हणजे काय, हे समजणे महत्त्वाचे आहे. बेळगावची काठी थेट सूर्याकडे रोखलेली होती. ती जमिनीतून खाली वाढविली तर पृथ्वीच्या मध्याशी जाईल. बडोद्याची काठीही वाढविली तर तेथेच जाईल. बडोद्यावर येणारा सूर्यकिरण बेळगावच्या काठीशी समांतर आहे, आणि बडोद्याची काठी या दोन समांतर रेषांना छेदणारी छेदिका आहे. समांतर रेषांचे व्युत्क्रम कोन समान असतात, हे मुलांनी पाठ केले होतेच. म्हणून काठी आणि किरण यांच्यामधला बडोद्याचा कोन आणि पृथ्वीच्या मध्याशी दोन काठ्यांमध्ये होणारा कोन एकच: साडेसहा अंश. ज्या प्रमेयाचा उपयोग केवळ पाच गुणांपुरता वाटत होता, त्याने मुलांना एका क्षणात पृथ्वीच्या पोटात नेऊन पोहोचविले.

पुढचा हिशेब फळ्यावर त्या मुलानेच केला. संपूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे. त्याला साडेसहाने भागले, ५५.४ आले. साडेसहा अंशांना ७१५ किलोमीटर, म्हणून ५५.४ गुणिले ७१५, बरोबर सुमारे ३९,६०० किलोमीटर.

त्याचा चेहरा पडला. “चुकले, फादर. चारशे कमी आले.”

मी म्हणालो, “चुकले नाही. चारशे का कमी आले ते आपण शोधू.” सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीची कड सुमारे एक सेंटीमीटरपर्यंत पुसट असते. नेमके टोक कोठे धरावयाचे यात मिलिमीटर-दोन मिलिमीटरची गफलत होणारच. आम्ही हिशेब करून पाहिला: सावलीत एका मिलिमीटरचा फरक पडला तर परिघात सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा फरक पडतो. मग चारशेची तूट ही लाज वाटण्याची गोष्ट राहिली नाही. ती खडूच्या खुणेची जाडी होती. प्रत्येक मापाला अशी मर्यादा असते, आणि ती प्रामाणिकपणे सांगणे हा विज्ञानाचाच भाग आहे, हे मुलांना त्या दिवशी कोणतीही व्याख्या न देता कळले.

“आणि नकाशा कोणी मोजला?”

परंतु मुलगा आता थांबावयास तयार नव्हता. “फादर, ७१५ किलोमीटर आपण नकाशावरून घेतले. नकाशा करणाऱ्याने ते कसे मोजले? त्याने पृथ्वीचा परीघ आधीच धरला असेल तर?”

प्रश्न बिनतोड होता. या खेपेस मी “पुस्तकात आहे” असे म्हणालो नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो आणि मी त्यांना विल्यम लॅम्ब्टन यांची हकीकत सांगितली.

१८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट या टेकडीपाशी, ज्या टेकडीशी प्रेषित थोमाच्या हौतात्म्याची परंपरा निगडित आहे, लॅम्ब्टन यांनी सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेषा प्रत्यक्ष जमिनीवर शंभर फुटी पोलादी साखळीने मोजली. उन्हाने साखळी लांबते म्हणून तिच्यावर सावली धरून, उष्णतामापकाची नोंद ठेवून, ती पुनःपुन्हा मांडली. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन ठाऊक असले की उरलेल्या दोन्ही बाजू गणिताने निघतात. त्या निघालेल्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्याच्यावर तिसरा. अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचे कोनमापनाचे यंत्र टेकड्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवून हे त्रिकोणांचे जाळे दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत विणले गेले. लॅम्ब्टन १८२३ साली, काम चालू असतानाच, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निवर्तले. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. अंतर साखळीने आणि त्रिकोणांनी मोजले. अंश ताऱ्यांच्या वेधांनी. दोन्ही स्वतंत्र, म्हणूनच त्यांची सांगड घालून पृथ्वीचा आकार काढता आला.

“म्हणजे शेवटी कोणीतरी टेप धरलीच होती,” मुलगा म्हणाला.

होय, धरली होती. त्याचा पहिला प्रश्न किती रास्त होता, हे मला तेव्हा पुरते उमगले.

सावलीचे जुने अभ्यासक

ही विद्या परक्या देशातून आपल्याकडे आली असे कोणी समजू नये. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’चा एक भाग म्हणजे ‘लीलावती’, आणि तिच्यात ‘छायाव्यवहार’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. बारा अंगुळांच्या शंकूची सावली मोजून दिव्याची उंची कशी काढावी, अशी उदाहरणे त्यात येतात. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ सालच्या शिलालेखावरून दिसते की त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांच्या नातवाने तेथे मठ स्थापला होता.

इंदूरच्या वाचकांना उज्जैन दूर नाही. तेथे सवाई जयसिंग यांनी अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा आहे. १९२३ साली ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराने तिचा जीर्णोद्धार केला. तेथील शंकुयंत्र म्हणजे आमच्या अंगणातल्या काठीचेच थोरले भावंड. उज्जैन कर्कवृत्ताला जवळजवळ चिकटून असल्यामुळे २१ जूनच्या दुपारी तेथे सावली नाहीशी झाल्यासारखी दिसते. याच जयसिंगांनी पाद्री मॅन्युएल दे फिगेरेदो या येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर पोर्तुगालला शिष्टमंडळ धाडले होते, आणि ते १७३० च्या सुमारास परत आले तेव्हा ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाची ग्रहकोष्टके घेऊन आले.

आपल्या चर्चच्या इतिहासातही सावलीचे, किंबहुना उजेडाच्या कवडशाचे, एक ठळक स्थान आहे. ईस्टरची तारीख वसंतसंपातावर अवलंबून असते. जुन्या दिनदर्शिकेतील वर्ष खऱ्या वर्षापेक्षा किंचित मोठे असल्यामुळे सोळाव्या शतकापर्यंत दहा दिवसांचे अंतर पडले होते. म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांच्या आज्ञेने १५८२ साली ४ ऑक्टोबर, गुरुवार, याच्या पाठोपाठ १५ ऑक्टोबर, शुक्रवार, धरण्यात आला. आव्हिलाची संत तेरेजा त्याच रात्री निवर्तली. तिचा सण १५ तारखेस येतो. पुढे हा हिशेब पडताळण्यासाठी बोलोन्या येथील सान पेत्रोनिओच्या भव्य मंदिरात कासिनी या शास्त्रज्ञाने १६५५ साली सुमारे २७ मीटर उंचीवर एक छिद्र ठेवून जमिनीवर ६७ मीटरांच्या आसपास लांबीची दक्षिणोत्तर रेषा आखली. दररोज भर दुपारी सूर्याचा कवडसा त्या रेषेवर येतो, आणि कोठे येतो त्यावरून ऋतू कळतो. ज्या जागेत उपासना चालते त्याच जागेत मापनही चालले, आणि दोहोंपैकी कोणासही अडचण झाली नाही.

पालकांसाठी

हा प्रयोग कोणत्याही घरी होऊ शकतो. मीटरभर सरळ काठी, दोरीला बांधलेला दगड हाच ओळंबा, सपाट जमीन आणि खडू. दुपारी बारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सर्वांत आखूड सावली ज्या रेषेवर पडते ती खरी दक्षिणोत्तर. मुलांनी सूर्याकडे मात्र कधीही पाहू नये. पाहावयाचे ते जमिनीकडे.

सावली नाहीशी होण्याचा दिवस पणजीला ३ मेच्या आसपास, बेळगावला ४ मेच्या, हैदराबादला ९ मेच्या आसपास येतो. बडोदे आणि इंदूर येथे तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. ढगांनी कृपा केली तर दिसेल. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे तेथे सावली कधीच नाहीशी होत नाही. २१ जूनलाही मीटरभर काठीची सुमारे पाच सेंटीमीटर सावली उत्तरेकडे राहतेच. ग्वाल्हेरच्या मुलांनी तिचे माप घेऊन आपले गाव कर्कवृत्तापासून किती अंश दूर आहे ते काढून पाहावे. दोन गावांत नातलग असतील तर त्यांनी परस्परांना मापे कळवावीत. आपल्या कुटुंबांचे नातेगोते गोव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत पसरलेले आहे. या कामी त्याचा उपयोग होईल.

आणि मुलाने प्रश्न विचारला आणि आपल्याला उत्तर येत नसेल, तर “आपण दोघे शोधू” एवढे म्हणावे. घाई असेल तर “उद्या सांगतो” म्हणावे आणि उद्या खरोखर सांगावे. “पुस्तकात आहे ते लिही” असे मात्र म्हणू नये.

जूनमध्ये तो मुलगा नववीत गेला. वडिलांनी पुस्तके आणली, म्हणाले, “तीन-चार-पाच कुठे आहे ते दाखव बघू.” सहामाहीत त्याला गणितात अडतीस गुण मिळाले. हा काही चमत्कार नव्हे, आणि वार्षिक परीक्षा अजून व्हावयाची आहे. परंतु गेल्या आठवड्यात अभ्यासवर्ग सुटल्यावर तो एकटाच मागे थांबला. “फादर, पृथ्वी मोजली. आता सूर्य किती लांब आहे ते कसे मोजले?”

आकडा मला ठाऊक होता. तो मी सांगितला नाही. येत्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही दोघे बसणार आहोत.